ताणावरची बाग, मातीचा श्वास

उज्जैन मागे टाकून आगरचा रस्ता धरला की सोयाबीनच्या मोकळ्या शेतांमधून संत्र्याच्या बागा डोकावू लागतात. आगर, सुसनेर, शाजापूर हा पट्टा संत्र्याचा. वाण नागपुरी, म्हणजे आपल्यासारखाच तिकडून येऊन माळव्यात रुजलेला!

जूनच्या सुरुवातीला सुसनेरजवळ ओळखीच्या एका बागेत दोन दिवस राहिले. बाग मृगबहाराच्या ताणावर होती. उन्हाळ्यात पाणी तोडले की झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठते आणि पावसाबरोबर फुले धरतात. पाने मलूल झालेली, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा.

बागवाले दादा पाचोळा जाळत नाहीत. तो झाडांखालीच पसरतात, वर शेणखत घालतात. मुलाचे म्हणणे वेगळे: "एवढं करून मिळतं काय? जुनी झाडं काढू, सोयाबीन पेरू."

मी शाळेत विज्ञान शिकवलेली. म्हटले, मातीलाच विचारू या. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, वरची निवळी वाटीत घेतली, वाटी झाडाखाली ठेवून वर घमेले पालथे घातले. मुळे आणि मातीतले सूक्ष्मजीव श्वास सोडतात, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळीवर साय धरते. सकाळी पाहिले तर जेमतेम पातळसा पापुद्रा.

एरवी ऊब वाढली की मातीचा श्वास वाढतो. दहा अंशांनी तापमान चढले तर तो साधारण दुप्पट होतो. पण माळव्याच्या मेमध्ये ऊब भरपूर, ओल नाही. जीव निपचित पडून राहतात. हिवाळ्यात उलटे: पाण्याने ओल असते, पण थंडीने श्वास मंदावतो. पावसाळ्यात दोन्ही जुळून येतात. मात्र काळ्या जमिनीत पाणी साचले की हवा कोंडते, मुळे सडतात, डिंक्या बळावतो. म्हणून दादा चर मोकळे ठेवतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आली. मातीचा वास सुटला. तोही बराचसा याच सूक्ष्मजीवांचा. रात्री नवी निवळी ठेवली. सकाळी वाटीवर जाड पांढरी साय!

सुकलेली माती भिजताच असा मोठा श्वास सोडते, हे पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी 1958 साली मांडले. जागे झालेले जीव सेंद्रिय अंश खातात आणि त्यातला नत्र मुळांना मोकळा होतो, तोही नेमका झाड फुलायच्या वेळी. मुलाच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे: वरून पाचोळा, शेणखत मिळाले नाही तर दर पावसाळ्यात मातीची जुनी शिल्लकच खर्ची पडते, मग वर संत्री असोत की सोयाबीन.

मुलाने दोन्ही वाट्या शेजारी ठेवून पाहिल्या. झाडांचे काय करायचे ते बापलेक ठरवतील. पाचोळ्याला मात्र यंदा काडी लागणार नाही, एवढे त्याने आपणहून सांगितले.