शून्य भागिले शून्य

साहित्याच्या वर्गात गेल्या काही वर्षांत एक शब्द फार स्वस्त झाला आहे, तो म्हणजे ‘अनिश्चितता’. कवितेचा अर्थ अनिश्चित, निवेदकाची भूमिका अनिश्चित, कादंबरीचा शेवट अनिश्चित. आमच्याकडे तपासायला येणारे बरेचसे निबंध या शब्दापाशी येऊन थांबतात, आणि मुक्कामाचे गाव आल्यासारखे समाधानाने थांबतात. आम्ही स्वतः बारावीनंतर गणित सोडून साहित्याकडे वळलो. पण हा शब्द आम्हाला प्रथम भेटला तो गणितातच, आणि तिथे त्याचा अर्थ ‘इथे थांबू नका’ असा होता.

कलनशास्त्राच्या प्रारंभी सीमेचा, म्हणजे ‘लिमिट’चा धडा येतो. क्ष ही संख्या ३ च्या अधिकाधिक जवळ जाऊ लागली, तर (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३) ही राशी कशाच्या जवळ जाते? विद्यार्थी सवयीने क्षच्या जागी ३ घालतो. वर शून्य येते, खालीही शून्य येते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे सांगून टाकले होते. आजचे गणित ते मानत नाही. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तरी शून्यच येते. म्हणून भागाकार ५ आहे म्हणा की ७० आहे म्हणा, पडताळा जुळतोच. जिथे प्रत्येक उत्तराचा पडताळा जुळतो तिथे उत्तर हाती आलेलेच नसते. अशा रूपाला अनिश्चित रूप म्हणतात.

यापुढे काय करायचे, हा त्या धड्याचा खरा विषय. वरच्या राशीचे अवयव पाडले की (क्ष − ३) आणि (क्ष + ३) हे दोन अवयव मिळतात. पहिला वर आणि खाली सारखाच असल्याने निघून जातो, उरते क्ष + ३, आणि सीमा ६ येते. पण क्ष शून्याकडे जात असताना क्ष² भागिले क्ष घेतले तर सीमा शून्य येते. क्ष + ४ च्या वर्गमुळातून २ वजा करून क्षने भागले तर पाव येते. क्ष भागिले क्ष³ घेतले तर राशी कोणत्याही मर्यादेत राहत नाही. दर्शनी रूप चारही ठिकाणी तेच, शून्य भागिले शून्य. फरक आहे तो वरची आणि खालची राशी कोणत्या गतीने नाहीशी होते, यात.

यावरचा सर्वांत तिखट आक्षेप गणितज्ञाने नव्हे, तर एका धर्मोपदेशक तत्त्वज्ञाने घेतला. १७३४ साली जॉर्ज बर्कलीने विचारले, की भागताना ही सूक्ष्म राशी शून्य नाही असे म्हणता आणि भागून झाल्यावर ती शून्य मानता, हे कसे? आक्षेप रास्त होता. त्याचे नीट उत्तर एकोणिसाव्या शतकात कोशी आणि वायरस्ट्रास यांच्या काटेकोर व्याख्यांतून मिळाले. क्ष ३ च्या हवा तितका जवळ जातो, पण सीमा काढताना तो ३ होतच नाही. म्हणून (क्ष − ३) ने भागणे वैध ठरते. प्रश्न त्या बिंदूचा नसून त्याच्या आसपासच्या वर्तनाचा असतो.

या संदर्भात भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले (इ.स. ११५०) एक उदाहरण आम्हाला विलक्षण वाटते. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिनाने गुणले, शून्याने भागले आणि ६३ आले. तर संख्या कोणती? उत्तर दिले आहे १४. आजच्या नियमाने शून्याने भागणे निषिद्धच. पण आचार्यांचे सांगणे असे, की पुढची क्रिया शिल्लक असेल तर शून्याने गुणल्याबरोबर सारे पुसून टाकू नये, ते शून्य गुणक म्हणून जपून ठेवावे. सीमेची व्याख्या अजून कित्येक शतके दूर होती, पण घाईने निकाल न देण्याची शिस्त तिथे दिसते. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे.

अनिश्चित रूपांसाठी एक तयार युक्तीही आहे. १६९६ साली लोपितालच्या पुस्तकात ती छापली गेली. मुळात ती योहान बर्नुलीची, आणि त्याच्या शोधांसाठी लोपिताल त्याला पैसे देत असे. वरच्या आणि खालच्या राशींचे वेगवेगळे विकलन करा आणि पुन्हा सीमा पाहा. युक्ती सोयीची, पण रूप खरोखर अनिश्चित आहे की नाही हे आधी तपासावे लागते. क्ष शून्याकडे जात असताना (क्ष + १) भागिले (क्ष + २) ची सीमा सरळ अर्धी आहे. नियम डोळे मिटून लावला तर १ येते. समीक्षेतल्या तयार सिद्धांतांचेही याहून वेगळे काय होते?

शब्द म्हणजे संख्या नव्हेत, हे आम्ही जाणतो. तरीही एखाद्या स्त्रीच्या आत्मकथनात क्षमा आणि संताप एकमेकांना पुसताना दिसतात, आणि विद्यार्थी ‘भूमिका अनिश्चित’ असे लिहून मोकळा होतो, तेव्हा त्या बाईचे म्हणणे ऐकण्याच्या जबाबदारीतूनही तो मोकळा होतो. संताप कोणत्या प्रकरणापासून ओसरू लागतो, क्षमेची भाषा कोणासमोर येते, दोहोंपैकी काय आधी विरते, हे त्याने पाहिलेलेच नसते.

काही वेळा सीमा खरोखरच नसते. क्षचे केवलमूल्य भागिले क्ष घ्या: उजवीकडून शून्याकडे आलो तर १, डावीकडून आलो तर उणे १. दोन वाटा दोन ठिकाणी नेतात. पण हे म्हणण्यासाठी दोन्ही वाटा चालून दाखवाव्या लागतात. म्हणून ‘अनिश्चित’ या शब्दाखाली आम्ही हल्ली लाल शाईने एवढेच लिहितो: ‘कोणत्या बाजूने आलात?’