शेंकडा बत्तीस

'कॉस्टिक सोड्याचें द्रावण शेंकडा ३२ आहे. तर एका लिटरांत सोडा किती?' असा प्रश्न वर्गांत टाकला, कीं '३२० ग्रॅम' हें उत्तर इतक्या आत्मविश्वासानें येतें, कीं तें खोडतांना आम्हांसच संकोच व्हावा. शेंकडा मान वजनाचें, लिटर हें माप; दोहोंस जोडणारी घनता मुलांच्या ध्यानांतच येत नाहीं.

आमचें सोलापूर सुताचें गांव. येथील जुनी गिरणी १८७७ सालची. पूर्व भागांत पद्मशाली विणकरांचे माग. सुताचे कित्येक पक्के रंग सोड्याच्या पाण्यांतच विरघळतात, म्हणून रंगाऱ्यास तें पाणी अचूक लागतें. तो त्यांत हायड्रोमीटरची कांचेची नळी सोडतो आणि ट्वॉडलचे अंश वाचतो. अंशांस ५ नें गुणून १००० नें भागावें व १ मिळवावा. ७० अंशांस घनता १.३५ येते, आणि कोष्टक त्या घनतेस सुमारें शेंकडा ३२ सोडा दाखवितें. म्हणजे लिटरचें वजन १३५० ग्रॅम, आणि सोडा ४३२! ३२० धरून चालणाऱ्याच्या टाकींत लिटरमागें ११२ ग्रॅम सोडा अधिक पडतो. पैसा जातो तो निराळा, हात पोळतात ते निराळे.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील रंगारी. त्यानें विचारलें, "सर, वडिलांना टक्के येत नाहींत, मग त्यांचा रंग कसा बिघडत नाहीं?" प्रश्न आम्हांस फार आवडला. वडील टक्के मोजतच नाहींत. नळीचा अंश आणि सुतावर उतरलेला रंग यांची सांगड त्यांच्या मनांत वर्षानुवर्षें बसलेली आहे. शिवाय पाण्यांत सोडा पडला कीं तें तापतें. तापलेलें द्रावण विरळ होतें, नळी खोल बुडते आणि अंश कमी दिसतो. वडिलांस घनतेचा नियम ठाऊक नसेल. पण "निवूं दे रे" म्हटल्यावांचून ते नळीस हात लावीत नाहींत.

पुढें त्याच वडिलांनीं मुलास विचारलें, "पांच लिटर द्रावणास पाणी पांच लिटरच ना?" मुलानें हिशेब मांडला: एकूण वजन ६७५० ग्रॅम, पैकीं सोडा २१६०, उरलें पाणी ४५९० ग्रॅम, म्हणजे साडेचार लिटरांहून किंचित् अधिक. आम्हीं तो तपासला, बरोबर होता. वडिलांनीं मात्र चार लिटरच पाणी घेतलें, त्यांत सोडा थोडाथोडा सोडला, तें निवूं दिलें, आणि उरलेलें पाणी नळीकडे पाहत पाहत घातलें.