खडीन बघायची राहिली

दुकानात एक तास दहा मिनिटं आणि कुलधऱ्यात वीस. दीड वर्ष झालं, तरी हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

डिसेंबरात आम्ही दोघं जैसलमेरला गेलो होतो. एका दिवसाची सहल, गाडी आणि गाईड हॉटेलातूनच ठरवलेले. मी चोवीस वर्षं माणदेशात भूगोल शिकवला. वाळवंटाचा धडा आला की पुस्तकात नसलेली एक आकृती दर वर्षी फळ्यावर काढायची : खडीन. खडकाळ उतारावरचं पाणी वाहत येऊन जिथं साचेल, तिथं खालच्या अंगाला मातीचा लांबच लांब बांध. पावसाळ्यात पाणी अडतं, गाळ बसतो, जास्तीचं सांडव्यातून निघून जातं. पाणी जिरलं की त्याच ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यायचं नाही. वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखात पालीवाल ब्राह्मणांनी अशी शेती पिकवली. आमच्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि तरी टँकर येतात. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं तालीच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कामावर पाट्या वाहिल्या होत्या. मला खडीन का बघायची होती, ते एवढ्यावरून कळेल.

सकाळी गडीसर तलाव झाला. मग किल्ला : रावळ जैसलनं ११५६ साली वसवलेला, पिवळ्या दगडाचा, आत अजूनही लोक राहतात. जैन मंदिरांतलं कोरीव काम बघून मान दुखली, पण डोळे हलेनात. पाच पटवा भावांच्या हवेल्याही झाल्या. गाईड तिशीतला, बोलायला गोड, तारखा तोंडपाठ. तोवर माझी काहीच तक्रार नव्हती.

जेवणानंतर त्यानं गाडी एका दुकानापाशी थांबवली. ‘पाँच मिनट, मॅडमजी, सिर्फ देखने के लिए.’ चहा आला. गाद्यांवर चादरी उलगडू लागल्या, एकीवर एक, वीस तरी असतील. मग हाबूरच्या दगडाच्या वाट्या. यात रात्री दूध ठेवा, विरजणाशिवाय सकाळी दही. मी दोनदा उठले, दोनदा ‘बस, आखिरी चीज’. गाईड दारात मोबाईल बघत उभा. मी त्याच्याकडे पाहिलं की तो मान खाली घालायचा. कमिशन असतं हे मला ठाऊक आहे, त्याचं पोट आहे, तेही कळतं. पण आम्ही दिवसाचे पैसे मोजले होते आणि डिसेंबरचा दिवस आधीच लहान. माझा तास त्यानं मला न विचारता दुसऱ्याला विकला. ‘पाच मिनिटं’ हा शब्द तो खोटा बोलला, हे मला कमिशनपेक्षा जास्त लागलं. यजमान म्हणाले, ‘जाऊ दे गं.’ मी जाऊ दिलं नाही, पण बोललेही नाही. बोलायला हवं होतं.

कुलधऱ्याला, पालीवालांनी सोडलेल्या गावाला, पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सरळ आखलेल्या गल्ल्या, छप्परं गेलेली दगडी घरं, ओसाड. गाईडनं गोष्ट सुरू केली : दिवाण सालमसिंगचा जुलूम, चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली, जाताना शाप दिला, अंधार पडल्यावर इथं कोणी थांबत नाही. मी विचारलं, ‘यांची शेती कुठं होती?’ त्याला प्रश्नच कळला नाही. इतकी माणसं इथं खात काय होती, हे आजवर त्याला कोणी विचारलंच नसावं. विहिरी आटत गेल्या म्हणून गाव हळूहळू उठलं असावं, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण पाणी आटलं म्हणून गेलेल्या माणसांची गोष्ट कोण ऐकणार? भूत लागतं.

गाडी समच्या वाटेला लागली आणि मला खिडकीतून एक लांब बांध दिसला, त्याच्या आत हिरवा पट्टा. ‘थांबवा!’ मी जवळजवळ ओरडलेच. गाईड मागं वळून म्हणाला, ‘मॅडमजी, वो तो खेत है. सनसेट निकल जाएगा.’ बांध मागं पडला.

समच्या वाळूत सूर्य बुडताना पाहिला. गर्दी होती. छान होता.

परतताना अंधारात गाईड आपणहून बोलू लागला. त्याचं घर किल्ल्यातच. पूर्वी बायका गडीसरहून डोक्यावर पाणी आणायच्या, थेंब वाया जायचा नाही. आता नळ आले, हॉटेलं झाली, गटारं गळतात, पाणी किल्ल्याच्या पायात मुरतं. त्याच्या घराच्या मागच्या भिंतीला ओल आलीय, तडा गेलाय. आई त्या खोलीत झोपत नाही. वाळवंटातला किल्ला पाण्यानं खचतोय, आणि हे त्यानं दिवसभरात आम्हाला सांगितलं नव्हतं. ‘टूरिस्ट को क्या बोलना,’ म्हणाला. मला वाटलं, अरे, हेच तर ऐकायला मी एवढ्या लांबून आले होते.

उतरताना मी त्याला ठरल्यापेक्षा दोनशे रुपये जास्त दिले. राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. तरी दिले.

जैसलमेरला जाणार असाल तर गाडी ठरवतानाच सांगा : दुकान नको, खडीनीपाशी अर्धा तास थांबायचं. आणि गाईडला त्याच्या घराबद्दल सकाळीच विचारा.