शुद्धलेखन तपासलेलं नाही

भाईंदर (पश्चिम)
रविवार

चि. बंटी,


म्युझिक कंपनीला पाठवायचा मजकूर तू शुद्धलेखन तपासायला धाडलास. तपासला नाही. ‘आमच्यासारख्या लहान बँडला एक संधी द्यावी, ही नम्र विनंती’ इथवर आलो आणि चष्मा काढून ठेवला. अरे, गाणी स्वतः बांधतोस, गातोस, वर गिटार वाजवतोस, आणि लिहितोस असं की जणू शिपायाची जागा हवी आहे! तुझ्या आईचं, म्हणजे ताईचं वळण. तिनेही आयुष्यभर सगळ्यांना विनंत्याच केल्या.

कंपनीपुढे हात जोडण्याआधी रेमो फर्नांडिसकडे बघ. तो तुम्हा पोरांना ‘हम्मा हम्मा’पुरता ठाऊक. ‘बॉम्बे’च्या हिंदी आवृत्तीत तो ते गायला, खरं आहे, पण ते 1995 साल. खरी गंमत त्याच्या आधीची. पणजीचा मुलगा, जन्म 1953 चा. जे.जे.ला आर्किटेक्चर शिकायला मुंबईत आला आणि इथल्या ‘द सॅव्हेजेस’ बँडमध्ये गिटार घेऊन उभा राहिला. (पदवी पुरी केली हं त्याने. हे वाक्य ताईला वाचून दाखव.) मग 1977 ते 80 युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत, वाजवत भटकला. परत आला तो थेट गोव्यात, शिवोलीच्या घरी, आणि घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरसमोर बसला.

चार ट्रॅक म्हणजे काय, ते तुला लॅपटॉपवर कळायचं नाही. तीन भरले की तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे पहिले तीन पुन्हा मोकळे. पण एकदा उतरवलं की गिटार जरा मोठी झाली, आवाज जरा दबला, अशी कुरकुर चालत नाही. आणि दर उतरवणीला टेपची खरखर वाढते. म्हणून आधी डोक्यात सगळं पक्कं लागतं. वाद्यं त्याचीच, आवाजही त्याचेच. तुम्ही चौघं असून एक गाणं तीन महिने ‘मिक्स’ करताय!

तर अशी घरी तयार झालेली कॅसेट म्हणजे ‘गोवन क्रेझी’, 1984 ची. मुंबईच्या कंपन्यांनी नको म्हटलं. पठ्ठ्याने नम्र विनंती केली नाही. स्वतःच कॅसेट काढली, पिवळ्या स्कूटरवर टाकली आणि गोव्यातल्या दुकानादुकानांत पोचवली. पुढे सीबीएससारखी कंपनी आली, ‘पॅक दॅट स्मॅक’ निघाली, सिनेमे आले, 2007 साली पद्मश्री आली. आधी स्कूटर, मग कंपनी. हा क्रम पाठ कर.

स्टेशनजवळच्या आपल्या कॅसेटच्या दुकानात तू काउंटरखाली रिकाम्या डब्यांचे मनोरे रचायचास, आठवतं? वर काय चालायचं ते मी बघत होतो. गिऱ्हाईक कॅसेट उलटीपालटी करायचं, इनले कार्ड उलगडायचं आणि म्हणायचं, ‘जरा लावा.’ पहिल्या मुखड्यातच सौदा व्हायचा नाहीतर मोडायचा. त्या वेळचा त्याचा चेहरा कंपनीच्या साहेबाला कधी दिसत नाही. जो स्वतः माल घेऊन दारात उभा राहतो त्यालाच दिसतो. गाणं ऐकणाऱ्याच्या हातात आपण नेऊन देईपर्यंत ते पुरं झालेलंच नसतं, हे माझं ठाम मत आहे आणि यावर मी तुझ्या बापाशीही भांडलो आहे.

आपल्या लोकांना विकायची लाज. आपल्याच घरातल्या अण्णांनी कवितासंग्रह छापला नि गठ्ठे पलंगाखाली सारले. वाळवीने वाचला तेवढा वाचला. सत्यनारायणाला शंभर माणसं जेवून गेली, पण ‘एक प्रत घ्या हो’ म्हणायला जीभ रेटली नाही. तुझ्यात तेच रक्त दिसतंय म्हणून एवढा चिडलोय.

मीरा रोडला फ्लॅटमध्ये बसून मेलची वाट बघू नकोस. उत्तन, पाली, डोंगरी काय लांब आहे? तिथली माणसं गिटारवर नाचणारी. लग्नात वाजव, पाच गाणी त्यांच्या आवडीची आणि एक तुझं. त्या एकाला किती जण खुर्चीवर जाऊन बसतात ते मोज. पण नोकरी सोडू नकोस.

दुसरं म्हणजे, काशिमिऱ्याच्या तुमच्या तालमीच्या गाळ्यात माइकला ओठ लागले की चटका बसतो, असं तू हसत हसत सांगितलंस. हसण्यासारखं काय आहे त्यात? गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या, माइक दुसऱ्याच प्लगवर. एकाचं अर्थिंग गेलेलं असलं तर मधे तूच. नुसत्या गाणाऱ्याला हा धोका कमी, नुसत्या वाजवणाऱ्यालाही कमी. तू दोन्ही करतोस! त्यात गाळा गळतो, तुम्ही अनवाणी उभे. उद्याच इलेक्ट्रिशियन बोलाव, पैसे मी देतो. तोवर तालीम बंद. तो येऊन गेला की फोन कर, मग गाण्यांचं बोलू.

तुझा,
मामा