मॅकॅडेमिया, भुईमूग आणि वाळवणं

मॅकॅडेमिया या कठीण कवचाच्या फळाचा भाव कानावर आला की शेतकऱ्याच्या डोक्यात आधी रोपवाटिका येते. गेवराई तालुक्यातल्या आपल्या उमापूरच्या शिवारासाठी तो विचार मला चुकीचा वाटतो, पण म्हणून या फळाकडे पाठ फिरवणंही बरोबर वाटत नाही. त्याच्या झाडापेक्षा त्याच्या वाळवणीत आपल्या कामाचं जास्त आहे, आणि ते आपल्या भुईमुगाला लागू पडतं. झाडाचं आधी उरकून घेऊ. ते मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पावसाळी जंगलातलं. त्याला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आम्लधर्मी आणि निचऱ्याची जमीन लागते. मुळं उथळ असतात आणि पारा पस्तिशीच्या पुढे गेला की फळधारणा बिघडते. आपल्याकडे पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा उथळ मुळं तोडणाऱ्या. कोणी म्हणेल, पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून जातो, ठिबक आहे, पाण्याचं काय एवढं! पाणी देता येईल, पण जमिनीतला चुना काढता येणार नाही. चुनखडीच्या रानात मोसंबीची पानं लोहाअभावी कशी पिवळी पडतात हे ज्याला माहीत आहे, त्याने आम्ल जमिनीत वाढलेल्या या झाडावर पाच-सात वर्षांची वाट आणि घरची पुंजी लावू नये.

दुसरा मुद्दा पोषणाचा. शंभर ग्रॅम मॅकॅडेमियात सुमारे ७५ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला बराचसा ओलिक आम्लाचा, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतो त्या जातीचा. तो हृदयाला मानवतो आणि लवकर खवट होत नाही. हा गुण खरा आहे. पण प्रथिनं जेमतेम ८ ग्रॅम. शेंगदाण्यात ती २५च्या आसपास असतात. ज्या घरात भाकरी-कालवण हेच रोजचं जेवण, तिथे हा फरक फार मोठा आहे. ओलिक आम्लाचं म्हणाल तर साध्या शेंगदाणा तेलातही ते निम्म्याच्या जवळपास असतं, आणि जुनागढच्या भुईमूग संशोधन केंद्राने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने काढलेल्या गिरनार-४ आणि गिरनार-५ या वाणांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या गुणासाठी मॅकॅडेमियाचं कौतुक होतं, तो भुईमुगात आणता आलेला आहे.

मग मॅकॅडेमियाकडून घ्यायचं काय? पिकलेलं फळ झाडाखाली पडतं. ते फार दिवस पडून राहू देत नाहीत. वेचलं की शक्यतो दिवसाभरात वरची हिरवी साल काढतात, कारण सालीत कोंडलेली ओल गर नासवते. आतल्या कठीण कवचाच्या बीत तेव्हा पाव हिस्सा तरी पाणी असतं. तिला लगेच कडक उष्णता दिली, तर पुढे भाजताना गर आतून तपकिरी पडतो आणि चव जाते. म्हणून आधी नुसती वाहती हवा, मग कोमट, आणि बरीच ओल गेल्यावरच जास्त ऊब, असं करत गरातला ओलावा दीड टक्क्यावर आणतात. गर आक्रसून कवचापासून सुटतो, तेव्हाच फोडल्यावर तो अख्खा निघतो. उत्तम गर पाण्यात तरंगतो. तेल ७२ टक्के किंवा त्याहून जास्त असल्याची ती खूण. एवढ्या सोशिकपणामुळेच त्याला तो भाव आहे, असं माझं मत आहे.

भुईमुगाचं गणित अगदी हेच आहे, आणि तिथेच आपण घाई करतो. टरफल उघडून आतली बाजू काळपट झाली का हे पाहून वापशावर वेल उपटले, तर दाण्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी असतं. ते आठ-नऊ टक्क्यांवर यायला हवं. खरिपाच्या काढणीवर परतीचा पाऊस येतो. ओल्या शेंगांचा ढीग लागला की आत ऊब धरते आणि बुरशी येते. तिच्यातून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि दाणे भाजल्यानेही ते पुरतं जात नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असावं असं मला कळकळीनं वाटतं. उन्हाळी शेंगांची गत उलटी. मेच्या उन्हात त्या भराभर वाळल्या की पापुद्रा सुटतो, दाणा दुभंगतो, चव बिघडते. दोन्हींवर उपाय एकच: वेल उलटे करून शेंगा वर, एक-दोन दिवस रानात, मग सावलीत पातळ थर आणि खेळती हवा. शेंग खुळखुळली की झालं.

याला सगळ्यात सबळ आक्षेप वजनाचा आहे. बारा टक्के ओलाव्याच्या क्विंटलमधून आठ टक्क्यांवर येईतो सव्वाचार-साडेचार किलो घट येते, आणि व्यापारी भाव लावताना ती भरून देईलच असं नाही. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. मोंढ्यावर घालायच्या मालाला तो लागू आहे. पण घरच्या वर्षाच्या शेंगा, बियाणं, घाण्यावर न्यायचा माल आणि बचत गटाची चटणी यांत गिऱ्हाईक चव घेऊन परत येतं. तिथे ही घट वसूल होते.

चुलीवरही हाच क्रम उपयोगी पडतो. मॅकॅडेमिया मंद आचेवर बदामी होईतोच भाजतात. बिस्किटांत, चॉकलेटात किंवा काजूऐवजी रश्शात वाटून तो छान लागतो. (घरात कुत्रं असेल तर त्याला मात्र एकही देऊ नये, कुत्र्यांना तो बाधतो.) शेंगदाणाही जाड बुडाच्या कढईत बारीक आचेवर, हात न थांबवता भाजावा, पूर्ण निवाला की पाखडावा आणि मगच कुटावा. गरम दाणा कुटला तर तेल सुटून गोळा होतो. कूट आठवड्यापुरताच करावा, कारण कुटलेल्या दाण्याच्या तेलाला हवा लागते आणि तो लवकर खवट होतो. बाकी शेंगा टरफलासकट पोत्यात, ओल लागणार नाही अशा फळीवर ठेवाव्यात आणि लागतील तशा फोडाव्यात.