दुधाचा पेला आणि रक्तांतील साखर

आपल्या घरांत दुधाला जें स्थान आहे, तें क्वचितच दुसऱ्या एखाद्या पदार्थाला असेल. तान्ह्या बाळाच्या पोषणापासून आजाऱ्याच्या पथ्यापर्यंत आणि एकादशीच्या फराळापासून कोजागरीच्या चांदण्यापर्यंत तें आपल्या सोबतीस असतें. म्हणूनच घरांत मधुमेहाचा प्रवेश झाला, कीं भाताच्या व गोडाच्या मागोमाग दुधाच्या पेल्याकडेहि लोक संशयानें पाहूं लागतात. एक म्हणतो, "दूध म्हणजे पूर्णान्न", दुसरा म्हणतो, "दुधांतहि शेवटीं साखरच." दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य असतें, आणि त्यामुळेंच हा वाद लौकर मिटत नाहीं.

आमच्या कुटुंबांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. थोरल्या वहिनींनीं सत्तरी ओलांडली असून गेलीं कांहीं वर्षें त्या इन्शुलिन घेत आहेत. रात्रीं निजण्यापूर्वीं पेलाभर दूध घेण्याची त्यांची संवय बाळपणापासूनची. धाकटी सून शिकलेली, काळजी करणारी. तिनें कोठेंसें वाचलें, कीं दुधानें इन्शुलिन फार वाढतें. लागलीच गायीचें दूध बंद करून तिनें वहिनींसाठीं ओटच्या दुधाचीं खोकीं आणिलीं. वहिनींनीं दोन दिवस तें मुकाट्यानें घेतलें. तिसऱ्या दिवशीं त्या आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, भात कमी केला, आंबा सोडला. आतां दूधहि गेलें, तर या घरांत मीं खावयाचें तरी काय?" त्या प्रश्नांत रागापेक्षां एकटेपणा अधिक होता. त्याचें उत्तर शोधावें म्हणून आम्हीं या विषयाचें जें वाचन केलें, तें येथें थोडक्यांत सांगत आहों.

दुधांत जी साखर असते, तिला लॅक्टोज किंवा दुग्धशर्करा म्हणतात. गायीच्या १०० मिलीलिटर दुधांत ती सुमारें पावणेपांच ग्रॅम असते. म्हशीच्या दुधांतहि ती साधारण तेवढीच, किंचित् अधिक. म्हणजे २०० मिलीलिटरच्या पेल्यांत साडेनऊ-दहा ग्रॅम साखर निसर्गतःच आली. आंतड्यांत तिचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. यांपैकीं ग्लुकोज थेट रक्तांत येतें. गॅलॅक्टोज बहुतांशीं यकृतांत जाऊन सावकाश रूपांतर पावतें. म्हणून दुग्धशर्करेनें रक्तांतील साखर एकदम उसळी घेत नाहीं.

कोणत्या अन्नानें रक्तांतील साखर किती चढते, हें मापण्यासाठीं कॅनडांतील टोरंटो येथें डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं एक पद्धति मांडली. शुद्ध ग्लुकोजला १०० गुण द्यावयाचे आणि इतर अन्नाची त्याच्याशीं तुलना करावयाची. या मापानें साध्या दुधाचा अंक सुमारें ३० ते ४० च्या दरम्यान येतो. घरांतल्या साखरेचा सुमारें ६५. एवढ्यावर प्रश्न संपला असता, तर दुधास निर्दोष ठरवून आपण मोकळे झालों असतों.

परंतु २००१ सालीं स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनीं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. निरोगी माणसांस त्यांनीं साधें व आंबविलेलें दूध दिलें. पांढऱ्या पावाला १०० धरून पाहतां रक्तांतील साखरेचा अंक १५ ते ३० इतकाच भरला. मात्र त्याच दुधानें शरीरांत निर्माण झालेल्या इन्शुलिनचा अंक ९० ते ९८ पर्यंत गेला. साखर थोडी चढली आणि इन्शुलिन मात्र जवळजवळ पावाइतकें स्रवलें, हें कोडें केवळ साखरेच्या हिशेबानें सुटणारें नव्हतें.

त्याचें कारण दुधाच्या प्रथिनांत आहे. दुधांतील प्रथिनांचा सुमारें चार-पंचमांश भाग केसीन असतो. पनीर व चक्का यांत राहतो तो हाच. उरलेला पंचमांश, म्हणजे दूध नासविलें असतां जें पिवळसर पाणी सुटतें त्यांत राहणारें प्रथिन. हें पाण्यांतील प्रथिन लौकर पचतें. त्यांतील ल्युसीन आदि घटक स्वादुपिंडास इन्शुलिन सोडण्याची सूचना देतात, आणि आंतड्यांतून निघणारे कांहीं रसहि त्यास साहाय्य करतात. आमच्या सूनबाईंनीं वाचलेली गोष्ट खोटी नव्हती. तिचा अर्थ मात्र वेगळा होता. ज्यांचें स्वादुपिंड अद्याप कांहीं काम करीत आहे, त्यांच्या बाबतींत हें इन्शुलिन रक्तांतील साखर आवरण्यास मदतच करतें. उलट ज्यांचें स्वादुपिंड इन्शुलिन देतच नाहीं, त्यांना हा लाभ मिळत नाहीं. त्यांनीं दुधांतील साखर हिशेबांत धरूनच डॉक्टरांच्या सल्ल्यानें इन्शुलिनचें प्रमाण ठरवावें लागतें.

आतां निरनिराळ्या दुधांचा विचार करूं. गायीच्या दुधांत स्निग्धांश साधारण साडेतीन-चार टक्के, तर म्हशीच्या दुधांत सहा-सात टक्के. स्निग्धांशामुळें पोट सावकाश रिकामें होतें व साखर हळूहळू चढते. पण उष्मांक वाढतात, हें वजनदार माणसानें विसरूं नये. साय काढलेल्या दुधांत साखर कमी होत नाहीं, फक्त स्निग्धांश जातो. देशी गायीच्या 'ए टू' दुधाची ख्याति अलीकडे फार झाली आहे; परंतु त्यांतहि दुग्धशर्करा तेवढीच असते. 'ए वन' दुधामुळें मधुमेहासारखे रोग होतात या समजुतीचा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २००९ सालीं आढावा घेतला, तेव्हां तसा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाहीं. 'लॅक्टोजमुक्त' दुधांतूनहि साखर नाहींशी झालेली नसते. ती आधींच फोडून ठेविलेली असते इतकेंच. म्हणून तें अधिक गोड लागतें.

वनस्पतींच्या दुधांची जात निराळी. ओट हें धान्यच आहे. त्याचें दूध करतांना पाचक द्रव्यांनीं त्यांतील पिष्ट फोडतात, तेव्हां माल्टोज ही साखर उत्पन्न होते, आणि ती रक्तांत फार वेगानें उतरते. वरून साखर घातलेली नसली, तरी ही साखर आंत असतेच. तांदळाच्या दुधाचेंहि असेंच. बिनसाखरेच्या सोयाबीनच्या दुधांत साखर थोडी व प्रथिन बऱ्यापैकीं. बदामाच्या दुधांत साखर नगण्य, पण प्रथिनहि नाममात्र. तें पिऊन पोषण झालें असें समजणें व्यर्थ आहे.

आणि आपल्या स्वयंपाकघरांत दुधाचीं किती रूपें होतात! दही विरजतांना कांहीं दुग्धशर्करेचें आम्ल होतें. ताकांत पाणी मिसळल्यानें ती आणखी विरळ होते. चक्का टांगला, कीं पाण्याबरोबर तिचा मोठा भाग गळून जातो. पण आपण त्यांत जवळजवळ बरोबरीनें साखर घालून श्रीखंड करतों, तेव्हां ती सारी बचत बुडते. बासुंदीसाठीं दूध निम्म्यावर आटविलें, तर दुग्धशर्करा दुप्पट दाट होते, आणि वर घातलेली साखर वेगळीच. पेल्यांत घातलेले दोन चमचेसुद्धां दुधाच्या मूळ साखरेइतकीच साखर पुन्हां आणतात. मधुमेह्याच्या दुधांत पहिली काटछांट करावयाची, ती येथें.

एवढें वाचन झाल्यावर डॉक्टरांना विचारून आम्हीं घरींच परीक्षा केली. ठराविक वेळीं, ठराविक मापानें, एके दिवशीं गायीचें बिनसाखरेचें दूध, दुसऱ्या दिवशीं ओटचें, असें पाळीपाळीनें देऊन वहिनींचें रक्त यंत्रावर तपासलें. वहिनींच्या शरीरानें गायीच्या दुधाच्या बाजूनें कौल दिला. ओटच्या दुधानंतरचा आंकडा दर वेळीं वर राहिला. सूनबाईंनीं ती वही स्वतःच्या हातानें लिहिली होती. त्यामुळें कोणीं कोणास पटविण्याचा प्रसंगच आला नाहीं. एका घरचा हा अनुभव सर्वांस लागू होईल असें मात्र कोणीं मानूं नये.

याच सुमारास एका रात्रीं वहिनींची साखर एकाएकीं उतरली. अंगास घाम, हातांस कंप. पुतण्या दुधाचा पेला घेऊन धांवला. सूनबाईंनीं त्यास थांबवून तीन-चार चमचे साखर पाण्यांत विरघळवून दिली. अशा वेळीं दूध मंद ठरतें. स्निग्धांश व प्रथिनें यांमुळें त्याची साखर वेळेवर पोंचत नाहीं. पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासून आंकडा वर आल्यावर मात्र तिनेंच दूध कोमट करून आणिलें, कारण साखर पुन्हां उतरूं नये म्हणून नंतर कांहीं खाणें हितावह असतें. (रोगी शुद्धीवर नसेल, तर मात्र तोंडांत कांहींएक न घालतां तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.) पेला पुढें करीत ती म्हणाली, "मोठ्या आई, घ्या. साखर नाहीं घातली हं." वहिनींनीं तो दोन्हीं हातांनीं घेतला. आजारी माणसास घरच्या रीतींत आपला वांटा उरला आहे असें वाटणें, हेंहि पथ्याचेंच एक अंग आहे, हें त्या रात्रीं आम्हांस दिसलें.

आमच्या वाचकांस व वाचकभगिनींस एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं वडील माणसाच्या पानांतून एखादा पदार्थ उचलण्यापूर्वीं तो मापून पहावा, त्यांत आपण काय घालतों तें पहावें, आणि डॉक्टरांस विचारावें. येत्या कोजागरीस आमच्या घरीं दूध आटवावयाचें नाहीं, नुसतें उकळावयाचें, आणि वेलदोडा व केशर घालून साखरेची वाटी निराळी ठेवावयाची असें ठरलें आहे. ज्यास हवी त्यानें ती घ्यावी. पेला मात्र सर्वांच्या हातीं एकाच पातेल्यांतला येईल.