पाण्याच्या घरी

माणसाने पाण्याकडे जावे की पाण्याने माणसाकडे यावे, याबाबत आम्हा नागपूरकरांचे मत पक्के आहे. पाण्यानेच यावे. नळातून यावे, माठात बसावे, उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत शिरून वाळ्याच्या वासासकट अंगावर यावे. समुद्र ही वस्तू आम्ही भूगोलाच्या पुस्तकात शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. झीरो माइलचा खांब आमच्या सीताबर्डीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे उभे राहून कुठल्याही दिशेला तोंड केले तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांबच. एवढ्या लांबच्या नातेवाइकाकडे कोणी जात नसते.

पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी आपण होऊनच आमच्याकडे आले. रात्री काही तासांत असा पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ विसरली आणि मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात म्हशींसारख्या उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीत, म्हणजे पर्यायाने आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, गुडघाभर पाणी. तांदळाचा डबा माझ्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघरातून बैठकीत आला. लग्नाचा अल्बम ओला होऊन असा चिकटला की आता त्यात आमच्या दोघांखेरीज कोणीच ओळखू येत नाही. (काही पाहुण्यांच्या बाबतीत हे बरेच झाले.)

तेव्हापासून रात्री पाऊस आला की आमची ही उठून बसते. दिवा लावते, उंबऱ्याशी जाऊन पाहते, डबे वरच्या फळीवर चढवते आणि सकाळपर्यंत खुर्चीत बसून राहते. मी म्हणायचो, अगं झोप, काही होत नाही. पण त्या पहाटेच्या आदल्या रात्रीही मी हेच म्हटले होते, त्यामुळे माझ्या शब्दाला बाजारात पत उरलेली नव्हती.

अशा बाईने एके दिवशी जेवताना सांगितले, "अहो, तुमच्या बँकेची प्रवाससवलत यंदा आहे ना? मालवणला जाऊ. समुद्राच्या तळाशी."

मला वाटले, ‘तटाशी’ म्हणाली असेल.

"तळाशी," ती म्हणाली. "पाणी आपल्या घरी येऊन गेलं. आता आपण त्याच्या घरी जाऊन येऊ."

यापुढे कुठल्या नवऱ्याला काय बोलता येते?

बातमी गल्लीत पसरली. समोरचे काका गेटाशी आले. "काहून जी, पोहता येते का तुम्हाले?"

"नाही."

"वहिनीले?"

"नाही."

"मंग?"

या ‘मंग’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बँकेत आमच्या रोखपालाने ‘ऑक्सिजन मध्येच संपला तर?’ अशी हळवी चौकशी केली आणि माझ्या नॉमिनीचे नाव भरलेले आहे ना, तेही विचारले. खरे म्हणजे त्या टाकीत ऑक्सिजन नसतोच. असते ती साधी हवा, तुमच्याआमच्या बर्डीत फुकट मिळते तीच, फक्त गाळलेली आणि दाबून भरलेली. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बारचा दाब असतो. या टाकीत दोनशेच्या आसपास. हे साधन जमवले फ्रान्सच्या कूस्तो नावाच्या नौदल अधिकाऱ्याने आणि गान्यां नावाच्या इंजिनियरने, १९४३ साली. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांने एक झडप केली होती. तीच सुधारून माणसाच्या तोंडाला लावली. श्वास ओढला की ती तेवढीच हवा देते, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची. मागितल्याशिवाय द्यायचे नाही आणि मागितले की नाही म्हणायचे नाही, असा हा कारभार आहे. बँकेच्या कुठल्याही खिडकीवर तो मी अजून पाहिलेला नाही.

जानेवारीत निघालो. विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, कोकणकन्येने कुडाळ, तिथून मालवण. प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. कल्याणच्या पुढे कोणीतरी माझी चप्पल घालून गेले, एवढेच.

मालवणला पोचल्यावर पहिले आश्चर्य म्हणजे पाणी कोमट. नागपुरात आम्ही पहाटे दहा-बारा अंशांत कुडकुडत गीझरपाशी रांग लावणारे; इथे अख्खा समुद्र कोणी तापवून ठेवल्यासारखा. थंड देशांत म्हणे बोटभर जाडीचे रबरी कपडे घालून उतरावे लागते. आम्हाला दिलेला पोशाख पातळ होता. तो चढवताना मला दोन माणसे लागली, पण तो दोष पोशाखाचा नव्हे, दिवाळीचा.

आधी एक फॉर्म. दमा आहे का, कान फुटला होता का, रक्तदाब आहे का. आयुष्यभर लोकांकडून फॉर्म भरून घेतलेला माणूस मी. प्रत्येक रकाना वाचला. मग शिकवणी. ती देणारा मालवणी मुलगा पंचविशीचा, काळासावळा, शांत. नियम थोडेच. श्वास तोंडाने घ्यायचा. कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. (नाक चिमटीत धरण्याचा सराव बर्डीच्या मेन रोडवर आमचा रोजचा आहे.) आणि सर्वांत मोठा नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते. तिला वाट मिळाली नाही तर ती फुप्फुस फाडून वाट काढते. आता पंचाईत अशी, की घाबरला की श्वास रोखणे हा माणसाचा जन्मजात धर्म आहे.

खुणाही शिकवल्या. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे. अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. आमच्या आधीच्या होडीतला एक नवरदेव खाली कॅमेरा दिसला की आनंदाने अंगठा दाखवी, आणि त्याचा शिक्षक इमानाने त्याला वर आणी. पैसे भरून त्याने समुद्राचा जिनाच तेवढा पाहिला.

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला जाऊन थांबली. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. त्याच्या पायात शिसे ओतले म्हणतात. माझ्या कमरेलाही शिशाचे वजन बांधले होते. तो साडेतीनशे वर्षे लाटा खात उभा आहे, माझे पाय होडीतच लटपटत होते.

एका वेळी एकालाच नेणार होते. मी पुरुषधर्माला जागून ‘मी आधी’ म्हणायला तोंड उघडले, तोवर ही उठलीसुद्धा होती. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी वजन करून घेणारी बाई. हिने आधी काट्यावरचा आकडा पाहिला, मग टाकी टिचकीने वाजवली. "काकीनू, घाबरू नकात, मी आसंय," तो मुलगा म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिले, मंगळसूत्र पोशाखात खोचले, आणि गेली.

पाण्यावर राहिले ते बुडबुडे.

मी ते मोजायला लागलो. दुसरे काय करणार? नोटा मोजतो तसे, शंभराची एक गड्डी. पहिली गड्डी, दुसरी, तिसरी. हिने आयुष्यात पोहण्याचा तलाव पाहिला नव्हता. चौथ्या गड्डीत, अडुसष्टवर, बुडबुडे थांबले.

पाणी अगदी सपाट. मी उभा राहिलो. होडी डुलली. होडीवाला शांतपणे पाव खात होता. त्याला हाक मारायची तर तोंडातून शब्द निघेना. त्या पहाटे गुडघाभर पाण्यात हिने मला विचारले होते, ‘मुख्य स्विच बंद केला ना?’ आणि मी इतका गांगरलो होतो की तो तिनेच काठीने पाडला होता, हे नेमके त्या वेळी आठवले. तिच्यावाचून मला घरात काडेपेटीसुद्धा सापडत नाही. माझ्या तोंडाकडे पाहून होडीवाल्याने पाव असलेलाच हात होडीच्या दुसऱ्या बाजूला केला. बुडबुडे तिकडे निघत होते. मंडळी होडीखालून पलीकडे गेली होती.

वीस मिनिटांनी ती वर आली. नाकावर लाल वळ, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की मी ओळख पटवून घ्यायला अंमळ थांबलो. "जा," एवढेच म्हणाली.

मग मी गेलो. माझ्या वाट्याला आले ते मी थोडक्यात सांगतो, कारण निम्मा वेळ मी स्वतःच्या श्वासाचा घरघराट ऐकण्यात घालवला. काळ्या पट्ट्यांचे ‘सार्जंट मेजर’ मासे हवालदारासारखे घोळक्याने येऊन माझी तपासणी करून गेले. खडकांवर प्रवाळ होते. पाण्यात सगळे एक-तृतीयांश मोठे दिसते, म्हणून परत आलेल्यांच्या गप्पांतला मासा नेहमी मोठा असतो. लाल रंग सर्वांत आधी मावळतो. माझ्या मनगटावरचा टेकडी गणपतीचा लाल दोरा तपकिरी दिसत होता. दुसऱ्या एका होडीचे लोक माशांना पाव टाकत होते, फोटोत गर्दी दिसावी म्हणून. हे मला आवडले नाही. १९८७ पासून इथला काही भाग सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. ज्याच्या घरी पाहुणे म्हणून जायचे त्याच्या मुलांना शिळा पाव चारायचा, ही कुठली रीत?

संध्याकाळी खानावळीत सोलकढी पिताना मी विचारले, "खाली भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण तिथं भ्यायला वेळच नव्हता, सारखा श्वास घ्यायचा होता," ती म्हणाली, आणि माझ्या ताटातला बांगडा उलटा करून त्याचा काटा काढून दिला.

जूनमध्ये नागपुरात पहिला मोठा पाऊस रात्री दोनला आला. ही उठली. दिवा लावला, उंबऱ्याशी जाऊन पाहून आली, तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि परत येऊन आडवी झाली. मी अंधारात निपचित पडून नाल्याचा आवाज ऐकत होतो.

"अहो, पायरीपर्यंत आलं की उठवीन मी तुम्हाला," ती कूस बदलत म्हणाली. "तोवर श्वास रोखून पडू नका."